लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याचं सर्च : कामाच्या नोंदी

१७ जून २०२५, मंगळवार

सकाळी नऊच्या आतच काकांचा फोन. "अरे, ते सर्च परत मेलंय बघ. ताईला एक फाईल गावंना."

छापखाना कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत. मालक काका, टायपिंग ताईंकडं, कॉम्प्युटरची दुरुस्ती माझ्याकडं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं वर्षभर चालू असतात, पण खरी कमाई जुलै ते सप्टेंबर. सहकारी संस्थांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे पतसंस्था, दूध संस्था, विकास संस्था सगळ्यांचे अहवाल एकदमच येऊन पडतात आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच: मागच्या सालचाच घ्या, आकडे तेवढे बदला. त्यासाठी मागच्या सालचा आधी सापडायला लागतो.

मशीन विंडोज १० चं, रॅम आठ जीबी. सी ड्राइव्हला एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क), डी ड्राइव्हला एक टीबीची फिरती हार्डडिस्क. चौदा वर्षांचं काम डीवर आहे, सुमारे ६१० जीबी.

आधी नेमकं काय मेलंय ते बघितलं. लोक ज्याला सर्च म्हणतात त्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे स्टार्टजवळची चौकट, जिच्यात आपण टाईप करतो. दुसरी मागे गुपचूप चालणारी सर्व्हिस, जी फायली वाचून त्यांचा इंडेक्स बांधते, म्हणजे कुठला शब्द कुठल्या फायलीत आहे याची सूची. चौकट बिघडली तर ती कोरी दिसते किंवा उघडतच नाही. ५ फेब्रुवारी २०२० ला तर जगभरात ती कोरी पडली होती आणि दोष मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा होता. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांकडं जाऊन उगाच मशीनं उघडली होती. इथं तसं नाही. चौकट ठणठणीत आहे, कॅल्क्युलेटर टाईप केलं की कॅल्क्युलेटर येतो. फोल्डरमध्ये फाईल शोधायला गेलं की वरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते आणि मध्येच थांबते.

विंडोज आपल्या घडामोडींच्या नोंदी (लॉग) ठेवतं, त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतात. तिथं सिस्टिम लॉग उघडला. ७०३१ क्रमांकाची नोंद ओळीनं: विंडोज सर्च सर्व्हिस अनपेक्षितपणे बंद पडली, ३० सेकंदांनी परत सुरू केली जाईल. परत सुरू, परत बंद. ॲप्लिकेशन लॉगमध्ये सर्चच्या नावानं ७०४०: इंडेक्सच्या फायली खराब झाल्या आहेत, नव्यानं बांधायचा प्रयत्न करतोय.

ताईंना विचारलं, लाईट गेली होती का? "दादा, लाईट कवा जात नाही ते विचारा." यूपीएसची बॅटरी दोन मिनिटं तग धरते. म्हणजे इंडेक्स लिहिताना मशीन झपकन बंद झालं असणार आणि डेटाबेस अर्धवट राहिला असणार. निदान झालं असं मी धरून चाललो. इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, रिबिल्ड, म्हणजे इंडेक्स पहिल्यापासून नव्यानं बांधणं. बॅटरी बदलायला सांगितली.

१८ जून, बुधवार

रिबिल्ड रात्रभर चालला. दिवसा ताई काम करत असल्या की इंडेक्सर मागे सरतो, वापर चालू असल्यामुळे वेग कमी केलाय असं खिडकीत लिहून येतं. रात्री त्याला रान मोकळं. सकाळी आकडा १ लाख ४६ हजार फायलींवर स्थिर. सर्च चालू. चहा घेऊन परत.

२१ जून, शनिवार

परत मेलं. चार दिवससुद्धा टिकलं नाही.

फोनवर काका हसत होते, पण त्या हसण्यात अर्थ होता. लाईट गेली नव्हती, बॅटरी नवी होती. संध्याकाळी जाऊन सर्व्हिस हातानं सुरू केली. दहा मिनिटं चालली. परत रिबिल्ड लावला आणि सोमवारी बसतो म्हणून सांगितलं.

२३ जून, सोमवार

दुकानाला सुट्टी. काकांनी किल्ली दिली, सकाळी दहापासून एकटाच. बाहेर पाऊस, आत शाईचा वास.

क्रमानं: एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फायली तपासायचा आदेश, काही सापडलं नाही. डिझमनं विंडोजच्या मूळ फायली दुरुस्त करायचा आदेश दिला, तोही काही न सापडता संपला. विंडोजचा स्वतःचा ट्रबलशूटर चालवला, त्यानं "सर्व्हिस परत सुरू केली" एवढं सांगून हात झटकले. बाहेरची सगळी सॉफ्टवेअरं बंद ठेवून मशीन सुरू करून बघितलं, तरी तेच.

मग फिल्टरचा मागोवा. इंडेक्सर स्वतः पीडीएफ किंवा वर्ड फाईल उघडत नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलसाठी तिच्यातला मजकूर काढून देणारा एक फिल्टर असतो, आणि तो सर्चफिल्टरहोस्ट नावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतो. कुणाचा फिल्टर वेडा झाला तर ती प्रोसेस मरावी, मुख्य इंडेक्सर वाचावा, असा हिशेब. चांगला हिशेब आहे. लॉगमध्ये सर्चफिल्टरहोस्ट मेल्याच्या १००० क्रमांकाच्या नोंदी सापडल्या, सात-आठ. कुठली प्रोसेस कुठली फाईल उघडते ते दाखवणारा प्रोसेस मॉनिटर लावून बसलो. तासाभरानं दिसलं की मरायच्या आधी प्रत्येक वेळी एकच पीडीएफ उघडली जाते, एका दूध संस्थेचा २०१८ चा अहवाल.

ती पीडीएफ हातानं उघडून बघितली. उघडली. पण चौदाव्या पानावर मशीन दहा-बारा सेकंद गोठलं. फोटो जड असतील असं म्हणून पुढं गेलो. (ही ओळ नंतर लाल शाईनं अधोरेखित केली आहे.)

पीडीएफचा फिल्टर विंडोजचा नव्हता, एका जुन्या पीडीएफ सॉफ्टवेअरबरोबर आलेला होता. विंडोज ८ पासून पीडीएफ वाचायचा फिल्टर विंडोजमध्येच असतो, त्यामुळे हा आगंतुक पाहुणा काढून टाकला. दूध संस्थेचं फोल्डर इंडेक्सच्या यादीतून वगळलं. तिसरा रिबिल्ड. दार ओढून घेताना वाटलं की चोर पकडला.

२४ जून, मंगळवार

चालू आहे. ताईंची तक्रार: काढलेल्या पीडीएफ सॉफ्टवेअरमधून त्या पानं जोडायच्या, आता कशानं जोडायची? सुचवलं एक, त्यांना आवडलं नाही.

२६ जून, गुरुवार

शाहू जयंती. दसरा चौकात गर्दी, गाडी लांब लावून चालत गेलो. छापखान्यात बॅनर आणि अभिवादनाच्या पत्रिकांची शेवटच्या घटकेची धावपळ, आणि नेमका त्यातच सर्चनं सकाळी अकराला जीव सोडला. मागच्या वर्षीच्या बॅनरची फाईल हवी होती. ताईंनी ती शेवटी व्हॉट्सॲपवरून परत मिळवली.

आज मी आल्यावर काका काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मेला होता तो फिल्टरहोस्ट नव्हे, खुद्द सर्चइंडेक्सर. म्हणजे सोमवारचा चोर खरा चोर नव्हता. एक गोष्ट मनात आली. आतापर्यंत मी लॉग गाळून बघत होतो: सर्चच्या नोंदी, सर्व्हिसच्या नोंदी, बस. आज गाळणी काढली आणि अकराच्या आसपासची पाच मिनिटं सगळीच्या सगळी वाचली, कुणाच्याही नावाची नोंद असो.

इंडेक्सरच्या मरणाआधी सहा सेकंदांवर ईएसईएनटीच्या नावानं ४७४. ईएसईएनटी म्हणजे विंडोजचं डेटाबेस इंजिन, विंडोज १० मधला सर्चचा इंडेक्स त्याच्यावरच उभा असतो. नोंद सांगत होती की विंडोज.ईडीबी या इंडेक्सच्या फाईलमधलं एक पान वाचलं, पण त्याचा चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही. चूक क्रमांक उणे १०१८. साध्या भाषेत, लिहिलं होतं एक आणि वाचताना निघालं दुसरं. त्याच्या आधी ४८१ च्या दोन नोंदी, म्हणजे फाईल वाचायचा प्रयत्नच फसला.

आणि त्या नोंदीत फाईलचा पत्ता होता. ही फाईल एरवी सी ड्राइव्हवर प्रोग्रॅमडेटाच्या पोटात असते. इथं पत्ता डीपासून सुरू होत होता.

इंडेक्स फिरत्या हार्डडिस्कवर आहे.

सिस्टिम लॉग परत उघडला, या वेळी 'डिस्क' नावाच्या नोंदी. क्रमांक ७: या उपकरणावर खराब ब्लॉक आहे. १२ जूनपासून चौतीस वेळा. माझ्या डोळ्यांसमोर दहा दिवस पडून होत्या, मी त्यांना गाळत बसलो होतो.

काकांना सांगितलं, डी ड्राइव्हवर आजपासून नवीन काही लिहायचं नाही. बॅनर सीवर सेव्ह करा. त्यांनी फक्त विचारलं, "सगळं जाणार का?" म्हटलं, नाही जाऊ देत. म्हणताना घशाला कोरड होती.

२७ जून, शुक्रवार

डिस्कची तब्येत. आधी वेमिक या विंडोजच्या आदेशानं डिस्कचं स्टेटस विचारलं: ओके. हा ओके फसवा असतो. डिस्कनं स्वतः हात वर करेपर्यंत तो बदलत नाही. डिस्कची तब्येत सविस्तर दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावल्यावर पिवळा, धोक्याच्या इशाऱ्याचा रंग आला. वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ४८, बदलून टाकलेले सेक्टर त्याहून जास्त.

आता सगळं एका दोऱ्यात आलं. प्रत्येक रिबिल्डनंतर ईडीबी फाईल नव्यानं, लहान, चांगल्या जागेवर सुरू व्हायची. म्हणून दोन-तीन दिवस सगळं सुरळीत. मग फाईल फुगत जायची, तीन जीबीच्या घरात गेली की कुठलंतरी पान सडक्या सेक्टरवर पडायचं आणि इंडेक्सर ते वाचायला गेला की संपलं. दूध संस्थेची ती पीडीएफसुद्धा तशीच. तिचं चौदावं पान खराब जागेवर होतं, फोटो जड नव्हतेच. फिल्टर बिचारा निर्दोष. पीडीएफ सॉफ्टवेअर ताईंना परत टाकून दिलं.

यातली वाईट बाजू लिहून ठेवतो. रिबिल्ड म्हणजे डिस्कवरची यादीतली प्रत्येक फाईल पहिल्यापासून वाचणं. मरायला टेकलेल्या डिस्कला मी तीनदा दीड लाख फायली वाचायला लावल्या. आजारी माणसाला जोतिबाचा डोंगर तीनदा चढायला लावावा तसं.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या, कारण इंडेक्स आपणहून डीवर जात नाही. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन कुणीतरी जागा बदलावी लागते. २०२२ ची वही, ऑगस्ट महिना, माझंच अक्षर: "सी ड्राइव्ह १२० जीबी, भरलाय. इंडेक्स डीवर हलवला. तात्पुरतं." पुढच्याच वर्षी सीला ४८० जीबीची एसएसडी बसवली, तीही मीच, जुन्याची हुबेहूब नक्कल करून. नकलेबरोबर हे तात्पुरतंही जसंच्या तसं आलं. धोंडा माझ्याच पायावरचा आहे. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग मजुरी निम्मी लाव." लावली.

२८ जून, शनिवार

कॉपी.

चेकडिस्क चालवायचा मोह टाळला. /आर लावून चेकडिस्क सुरू केलं की ते सगळ्या डिस्कभर खराब सेक्टर हुडकत फिरतं, आणि डेटा बाहेर काढायच्या आधी हे करणं म्हणजे घर जळताना भिंतींची मोजमापं घेणं. आधी सामान बाहेर.

राजारामपुरीतून एक टीबीची नवी एसएसडी आणली. कॉपीला विंडोजमधलंच रोबोकॉपी, पण एक गोष्ट न विसरता: एखादी फाईल वाचता आली नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. एकाच सडक्या फाईलवर माझी नातवंडं येईपर्यंत बसलं असतं. /आर:१ आणि /डब्ल्यू:१ लावलं, म्हणजे एकदाच परत बघ आणि एक सेकंद थांबून पुढं चल. लॉग वेगळ्या फाईलमध्ये. क्रमही ठरवला: आधी अहवाल, मग पत्रिका, शेवटी फोटो. डिस्क मध्येच गेली तर निदान अहवाल हातात असावेत.

सर्च सर्व्हिस आधी बंद करून अक्षम केली, नाहीतर ती मागून डिस्क कुरतडत राहिली असती.

दुपारी एक ते रात्री साडेअकरा. मध्ये दोन ठिकाणी डिस्क टक-टक करायला लागली. तेव्हा काकांनी देवाच्या फोटोकडं बघितलं आणि मी लॉगकडं.

अकरा फायली आल्या नाहीत. नऊ बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपमध्ये मिळाल्या (शेवटचा बॅकअप दिवाळीतला, त्यावर बोलायचं आहे). दूध संस्थेचा २०१८ चा अहवाल त्या नवांतच होता. एक संस्थेच्या सचिवांच्या ईमेलमध्ये सापडली. एक गेली, २०१७ ची लग्नपत्रिका. काका म्हणाले, त्यांना आता दोन पोरं आहेत, पत्रिका कोण मागतंय.

३० जून, सोमवार

नवी एसएसडी डी म्हणून बसवली, अक्षर तेच ठेवलं, म्हणजे जुन्या फायलींमधले फोटोंचे दुवे तुटत नाहीत. जुनी डिस्क काढून पाकिटात घातली, वर तारीख लिहिली.

इंडेक्सची जागा परत सीवर. दूध संस्थेचं फोल्डर यादीत परत घेतलं. सर्व्हिस सुरू केली आणि चौथा रिबिल्ड. या वेळी खिडकीतला आकडा पळत होता, तीन तासांत १ लाख ४६ हजार. यादीतून काही फोल्डरं वगळली, फक्त फोटोंची. त्यांच्यात वाचण्यासारखा मजकूरच नाही.

२ जुलै, बुधवार

सर्च चालू आहे, मरत नाही. आणि ताईंचा फोन: "दादा, सर्च झालंय चांगलं, पण गावत तर काहीच नाही."

गेलो. त्यांनी चौकटीत टाईप केलं: शेतकऱ्यांच्या. हा शब्द नसलेला अहवाल या जिल्ह्यात छापलाच जात नसेल. सापडल्या फक्त चार फायली.

म्हणजे इतके दिवस सर्च मरत होतं म्हणून हा रोग दिसतच नव्हता. दोन तास बसून उलगडा केला, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या कामात हेच दोन तास मजेचे गेले.

पहिलं कारण जुन्या फॉण्टचं. २०१५-१६ पर्यंतचं सगळं काम युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉण्टांत आहे. त्या फायलींमध्ये मराठी अक्षरं मुळात नाहीतच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, आणि फॉण्ट त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. इंडेक्सर फॉण्ट बघत नाही, पोशाखाखालचं बघतो. त्याला दिसतात रोमन अक्षरांचे निरर्थक गोळे. त्याच फॉण्टात शब्द टाईप करून ते गोळेच चौकटीत चिकटवून बघितले. काही ठिकाणी जमलं, पण त्या फॉण्टांची बरीच अक्षरं चिन्हांच्या जागी बसवलेली आहेत आणि सर्च चिन्हापाशी शब्द तोडतं. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींचा तर प्रश्नच नाही. आतला मजकूर वाचणारा फिल्टर या मशीनवर नाही, फक्त फाईलचं नाव इंडेक्समध्ये जातं. आणि नावं कशी, तर "न्यू", "न्यू वन", "फायनल", "फायनल खरं".

दुसरं कारण नव्या, युनिकोडच्या फायलींतलं. शेतकऱ्यांच्या या शब्दातला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणी. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखेच. ताई इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाईप करतात, त्यांच्या हातून पहिला येतो. संस्थांचे सचिव मजकूर पाठवतात त्यात काहींचा दुसरा असतो. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ॲ चंही तेच, तो तर तीन तऱ्हांनी सापडला.

तिसरं कारण आपल्या भाषेचंच. शेतकरी शोधलं तर शेतकऱ्यांना मिळत नाही, कारण शब्दाचं अंगच बदलतं. पण विंडोजचं सर्च शब्दाच्या सुरुवातीवरून शोधतं. म्हणून ताईंना म्हटलं, पूर्ण शब्द टाईपच करू नका. "शेतक" लिहा आणि थांबा. रूप कुठलंही असू दे, अर्धा र कुठल्याही जातीचा असू दे, तो यायच्या आधीच आपण थांबलोय.

त्यांनी लिहिलं. २१२ फायली.

"आणि कारखान्याचं?"

"कारखान. पुढचं काही नको."

त्यांनी तेही करून बघितलं, मग सभासद, मग लाभांश. लाभांशाला थांबायची गरज पडली नाही. जाताना म्हणाल्या, "मी उद्या लवकर येतो, फायलींची नावं बदलायला घेतो."

५ जुलै, शनिवार

नावांची पद्धत ठरली. साल, संस्थेचं आखूड नाव, कामाचा प्रकार, गाव. सगळं युनिकोडमध्ये. मागच्या चौदा वर्षांचं आता सगळं बदलत बसायचं नाही. एखादी जुनी फाईल कामासाठी उघडली की बंद करताना तिचं नाव बदलायचं. ताईंनी पहिल्याच दिवशी ६० केल्या, मी नको म्हणत असताना.

बॅकअप: दर शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काकांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर. २०१९ च्या पुरात या दुकानात पाणी आलं होतं. सीपीयू माळ्यावर टाकला म्हणून वाचला. बॅकअपही माळ्यावरच ठेवू असं काका म्हणत होते. मी नाही म्हणालो.

११ जुलै, शुक्रवार

अकरा दिवस झाले, सर्व्हिस बंद पडल्याची ७०३१ ची नोंद एकही नाही. गाळणी न लावता बघितलं. ईएसईएनटी गप्प, डिस्क गप्प. ईडीबी ३.२ जीबीवर, म्हणजे जिथं आधी मरायचं ती वेस ओलांडली.

बिल दिलं. काकांनी निम्मी मजुरी ठरली असताना पूर्ण दिली आणि वर पाचशे पत्त्यांची कार्डं छापून दिली. कार्डावर माझ्या नावाखाली "सर्च स्पेशालिस्ट" असं टाकलंय.

राहिलेलं: विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार, आणि या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. नवं मशीन घ्यावं लागेल. काकांशी अजून बोललो नाही. अहवाल उरकू देत.